ही हातोडी कुणाची?

मामांनी तेलाचा एक जुना पत्र्याचा डबा आमच्या दिवाणाखाली सरकवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या आईला एवढ्यात सांगू नको."

डब्यात हातोड्या होत्या. दहा-बारा असतील, सगळ्या लहान. एक तर माझ्या तळहातात मावेल एवढी. काहींवर गंज चढला होता, दोन-तीन मात्र अजून चकचकीत होत्या. एका हातोडीला दांडाच नव्हता, नुसतं लोखंडाचं डोकं.

"आप्पाच्या हायेत," मामा म्हणाले.

आप्पा म्हणजे आईचे आणि मामांचे वडील. वालूरला सुतारकाम करायचे. आदल्या उन्हाळ्यात गेले. मामा बारावीनंतर पुण्याला गेले, तिथे फर्निचरच्या कामावर शिकले, बरीच वर्षं ठेकेदारांच्या हाताखाली राबले आणि शेवटी परत आले. आता आमच्या सेलूत त्यांनी एक गाळा घेतला होता. दसऱ्याला काम सुरू करायचं ठरलं होतं. त्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारं धुऊन-पुसून पाटावर मांडायची, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा आणि दिवसभर त्यांना कामाला लावायचं नाही. मामांची इच्छा एकच होती. पाटाच्या मधोमध आप्पांची हातोडी हवी, स्वतःची यंत्रं तिच्या बाजूला.

अडचणही एकच होती. डब्यातली आप्पांची कोणती, हे मामांना ओळखता येत नव्हतं.

"मामीला विचारलंत?" मी म्हणाले.

"इचारलं की. म्हणली, हातोड्यातलं मला काय कळतंय."

"मग गावात?"

"गावात इचारू? बापाची हातोडी वळखू येईना म्हणतील. आदीच मी पुठ्ठ्याचा सुतार." ते हसले. आप्पा प्लायवुडला पुठ्ठा म्हणायचे. पारावर बसून लोकांना सांगायचे, आमचा पोरगा पुण्यात पुठ्ठ्याचा सुतार हाय. मामा दिवाळीला यायचे तेव्हा हे त्यांच्यासमोरही व्हायचं आणि मामा असेच हसायचे. "आन् तुझी आई तर मला जलमभर ऐकवील. तू कुणाला बोलत न्हाईस, म्हणून तुझ्याकडं आणल्या. तुला इंग्रजी येतंय. बघ मोबाइलवर, कोणती कशाची हाय ते."

मी बोलत नाही हे खरं आहे. लहानपणी पाहुण्यांसमोर आई मला पुढे ढकलायची आणि मी तिच्या पाठीमागे जाऊन उभी राहायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्रजी बोललं की सगळे हसत, त्यामुळे न बोलणं दोन्हीकडे सोयीचं पडलं. पण मला बघायला आवडतं. एखादी वस्तू हातात घेऊन बसले तर मला वेळ कळत नाही. मामांना हे कसं ठाऊक होतं कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी गच्चीवर वर्तमानपत्र पसरून सगळ्या हातोड्या ओळीने मांडल्या आणि एकेकीचे फोटो काढले. फोटोवरून शोधलं तर परदेशातली पानंच्या पानं निघाली. जुन्या लहान हातोड्या जमवणारे लोक तिकडे पुष्कळ आहेत. घड्याळजीची हातोडी, पियानो दुरुस्त करणाऱ्याची, खुर्च्यांना कापड ठोकणाऱ्याची. मला वाचायला मजा आली, पण आमच्या हातोड्यांशी जुळेल असं फार थोडं होतं. त्यांच्या हातोड्यांवर कारखान्याचे शिक्के होते, आमच्या गावातल्या लोहाराने घडवलेल्या, दोन सारख्या नव्हत्या. सगळ्यात लहान हातोडीचं नाव तर मोबाइलने ठामपणे सांगितलं. मी मामांना फोन केला.

"मामा, ती छोटी आहे ना, ती गोळ्या फोडायची आहे म्हणे."

"कशाच्या गोळ्या?"

"खायच्या. गोड. तिकडे मोठी वडी असायची आणि दुकानदार हातोडीने फोडून द्यायचा."

मामा बराच वेळ हसले. "दात न्हवते का त्यांना? आगं माय, वालूरला कोण गोळ्या फोडत बसलंय हातोडीनं!"

मोबाइल बाजूला ठेवला. एक गोष्ट मात्र त्या पानांवरून घेतली. हातोडी ओळखायची तर आधी आकार नाही, तोंड बघायचं. ज्या बाजूने ठोकतात त्याला तोंड म्हणतात, आणि कशावर ठोकलं ते तोंडावर उमटलेलं असतं. मग मी पुन्हा पहिल्यापासून बघायला बसले. एकीचं तोंड रुंद, गोल आणि थोडं फुगीर, काठ गुळगुळीत. एकीची मान दोन्ही बाजूंना लांब, बगळ्यासारखी. एकीच्या मागच्या टोकाला नखं. एक पितळी, तिच्या दांड्याचं टोक निमुळतं. ही शेवटची मला लगेच ओळखू आली. आमच्या गल्लीत भजन असतं, तिथे पखवाज वाजवणारे काका सुरुवातीला अशाच हातोडीने पखवाजाच्या कडेचे लाकडी गट्टे वरखाली ठोकून सूर लावतात. त्या वेळी बाकी सगळे गप्प बसतात, म्हणून तो आवाज माझ्या लक्षात आहे.

हातोड्या एकमेकींसारख्या नव्हत्या, पण दांडे सगळे एकाच हाताचे वाटत होते. बाभळीचं काळपट लाकूड, मध्ये किंचित बारीक, मुठीकडे पुन्हा भरीव. ते लक्षात आलं तरी त्याचा अर्थ कळला नाही.

आता माणसांना विचारण्याशिवाय इलाज नव्हता.

स्टेशन रोडला एका भिंतीच्या कडेला चपला शिवणारे एक काका बसतात. त्यांच्यासमोरून मी आधी एकदा तशीच निघून गेले. दुसऱ्यांदा आले ती घरातली एक जुनी सँडल घेऊन. रिकाम्या हाताने जाऊन काही विचारणं मला जमत नाही.

"हिला काय झालंय?" त्यांनी सँडल उलटीसुलटी केली. "चांगली तर हाय."

"शिलाई घालून द्या. मजबूत." मग पिशवीतून ती रुंद तोंडाची हातोडी काढली. "आणि ही कुणाची आहे, सांगता येईल?"

त्यांनी ती हातात घेतली, तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आमची हाय."

मी एकदम खजील झाले. म्हणजे ही यांची हरवलेली हातोडी, आणि इतकी वर्षं ती आमच्या घरात! "मग ठेवा तुम्ही," मी म्हणाले आणि वळून चालायला लागले. सँडलही तिथेच राहिली.

"ओ बाई! ओ मॅडम!" ते मागून ओरडले. अख्खा रस्ता बघायला लागला. "आमची म्हंजी आमच्या धंद्याची! माझी हाय आसं कुठं म्हणलं मी?"

शेजारी एक पाय अनवाणी ठेवून बसलेलं गिऱ्हाईक म्हणालं, "देतेत तर घ्या की काका."

"घेतो की. आन् पोलीस आले की तुमाला धाडतो."

मी परत आले. चेहरा तापला होता. काकांनी मला त्यांच्या लाकडी खोक्यावर बसायला सांगितलं आणि सँडल शिवता शिवता हातोडी समजावली. चामड्यावर ठोकायचं तर तोंड फुगीर आणि काठ गुळगुळीत लागतो, काठ धारदार असला तर चामडं कापतं. मागचं लांबट टोक शिवणीची कड दाबायला. मग त्यांनी दांडा बघितला.

"हा दांडा सुतारानं बसवलेला हाय. चांगला बसवलाय. तुमच्यात सुतार कोण?"

"आजोबा होते. वालूरला."

"मंग झालं की. दांडा बसवायला कुणीतरी टाकली आन् न्यायची राहून गेली. सुताराकडं आशा लय पडून राहतेत."

दांड्यांचा अर्थ तेव्हा लागला. डबा आप्पांचा होता, पण हातोड्या गावभरच्या लोकांच्या होत्या. दांडा मोडला की लोक आप्पांकडे आणून टाकायचे. कुणी धंदा सोडला, कुणी गाव सोडलं, कुणी नवी विकत घेतली. मी मामांना हे सांगितलं.

"म्हंजी त्यात एकच आप्पाची," ते म्हणाले. "बाकीच्या एकेक करून बाजूला काढ. राहील ती आप्पाची."

त्या दिवशी आणखी एक गोष्ट मला उमगली. मी "कुणाची" म्हणते तेव्हा मला माणूस हवा असतो, अमक्या घरातला, अमक्या वयाचा. आमच्याकडे या प्रश्नाला धंदाच उत्तर म्हणून मिळतो. मामांना मात्र माणूस हवा होता, आणि तो विचारायचा कसा ते मला कळत नव्हतं.

सोनाराच्या दुकानात उलटंच झालं. काचेमागचा तरुण मालक लहान हातोडी बघून म्हणाला, "आता सगळा तयार माल येतो मॅडम, आम्ही नुसतं विकतो." मग त्याने दाराजवळ खुर्चीत पेपर वाचत बसलेल्या वडिलांकडे बोट दाखवलं. "त्यांना विचारा. मोठ्यानं विचारा."

मोठ्याने बोलणं म्हणजे माझी परीक्षाच. "बाबा, ही कुणाची आहे?"

त्यांनी हातोडी डोळ्यांजवळ नेली. "माझी न्हाई."

"नाही, तुमची म्हणत नाही मी..."

"माझी घरी हाय. ही माझी न्हाई."

"म्हणजे सोनाराचीच आहे का, असं विचारायचं होतं."

"मंग काय लोहाराची?" ते ओरडले. दुकानातल्या दोन बायका हसल्या. म्हाताऱ्या बाबांना त्याचं काहीच नव्हतं, ते हातोडीचं तोंड नखाने तपासत होते. सोनाराच्या हातोडीचं तोंड आरशासारखं लागतं. त्यावर चरा पडला की प्रत्येक ठोक्याला तो सोन्यावर उमटतो. "हिच्यानं खिळे ठोकलेत कुणीतरी. गाढवानं."

लांब मानेची हातोडी त्यांनी ताबडतोब ओळखली. तांब्याच्या घागरीवर जे बारीक बारीक ठोके ओळीने दिसतात, ते हिचे. त्याला मठारणं म्हणतात. मान लांब अशासाठी की घागरीच्या पोटापर्यंत पोचली पाहिजे. नखांच्या हातोडीबद्दल मात्र ते चुकले की चपलांचे काका चुकले, हे मला आजही सांगता येणार नाही. काका म्हणाले होते ती नालबंदाची, बैलाच्या पायाला लोखंडी पत्री ठोकल्यावर खुरातून बाहेर आलेलं खिळ्याचं टोक तिच्या नखांनी मोडायचं. बाबा म्हणाले, छे, ती किराणा दुकानातली, लाकडी खोकी फोडायची. दोघांनाही अगदी खात्री होती. आप्पांची नव्हती एवढ्यावर दोघांचं एकमत, म्हणून मी ती बाजूला ठेवली.

रात्री मामांना सगळं सांगितलं. सोनाराच्या हातोडीने कुणा गाढवाने खिळे ठोकल्याचंही.

"मीच ते," मामा म्हणाले. "चौथीत हुतो. कॅलेंडर लावलं हुतं."

हे चाललं असताना एका सकाळी आई झाडत झाडत दिवाणापाशी आली आणि डब्याला केरसुणी लागली. तिने डबा ओढून बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"मामांचा आहे," मी म्हणाले.

"ते दिसायलंय. तू काय करायलीस त्याचं?"

मला खोटं बोलता येत नाही, आणि गप्प बसले तर आईला सगळं कळतं. तिला कळलं. ती खाली बसली, दोन हातोड्या हातात घेऊन बघितल्या आणि परत ठेवल्या.

"मला इचारायचं न्हाई म्हणला आसंल. मी हसंन म्हणून." तिने डबा आत ढकलला. "मला तरी कुठं ठाऊक हाय? लगीन हुईपातूर घरकामातून आप्पाकडं बघायला वेळ कुणाला हुता. सांगू नको त्याला मी बघितलं ते."

अशा रीतीने मी दोघांचंही गुपित सांभाळत होते, आणि ते एकच होतं.

असंच आणखी लोकांना विचारत विचारत नवरात्र जवळ आलं, तेव्हा एकच हातोडी उरली. आखूड, जाड, चौकोनी. दिसायला अगदी साधी, कुणाही सुताराच्या हातात शोभेल अशी. बाकी सगळ्यांना धंदा मिळाला होता, हिला नव्हता. मामा येऊन ती घेऊन गेले. त्यांनी ती रॉकेलमध्ये भिजवली, गंज घासून काढला, तेल लावलं. रविवारी मी आणि आई वालूरला गेलो तेव्हा ती लाल फडक्यावर ठेवलेली होती आणि मामा शेजारी बसून तिच्याकडे बघत होते. आई शेजारच्या घरी गेली. ती मुद्दाम गेली, हे फक्त मला कळलं.

मी हातोडी उचलली. गंज गेल्यावर तिचं तोंड पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होतं. त्याच्या बरोबर मध्यभागी एक खळगा होता, आणि त्याच्या बाहेर लोखंड जवळपास कोरं. खिळे ठोकणाऱ्याची हातोडी सगळ्या तोंडावर झिजते, कारण खिळा कधी इथे लागतो कधी तिथे. ही एकाच जागी, एकाच गोष्टीवर, वर्षानुवर्षं ठोकत आली होती. मला ते आवडलं नाही. पण मामांना सांगायला तोंड उघडेना.

मामी चहा घेऊन आली. दिवसभर सोयाबीन कापून नुकतीच परतली होती, हातपाय धुतलेले, केसात अजून काड्या. तिने माझ्या हातातली हातोडी बघितली आणि सहज म्हणाली, "ही टाकीची कुठं घावली?"

मी वर बघितलं. समोरच्या घरावर पाण्याची काळी टाकी होती. त्या टाकीचा आणि हातोडीचा संबंध काय, या विचारात मी पडले, आणि मामी माझ्या नजरेच्या दिशेने बघून मोठ्याने हसली.

"ती टाकी न्हवं गं! जात्याची टाकी. जातं गुळगुळीत झालं की दळण होत न्हाई. मंग टाकी लावणारी यायची, छन्नी आन् ही हातोडी घेऊन. जात्यावर बारीक बारीक खड्डे पाडून द्यायची. माझ्या माहेरी दरसाल यायची. जातं पुढ्यात घिऊन बसून ठोकायचं, म्हणून दांडा आखूड."

खळगा छन्नीच्या डोक्याचा होता. मी मामांकडे बघितलं नाही. चहाच्या कपाकडे बघत राहिले.

"मंग आप्पाची कोणती?" मामा म्हणाले. आवाज साधाच होता. "सगळ्या संपल्या की आता."

"काय कोणती?"

"हातोडी, हातोडी! किती दिवस झालं तेच बघायलोत!"

"आप्पा कुठं हातोडी वापरायचे?" मामी म्हणाली. "वाकसाच्या पाठीनंच ठोकायचे की सगळं."

वाकस म्हणजे सुताराचं वाकडं हत्यार. पुढे रुंद धार असते, तिने लाकूड तासतात, आणि धारेच्या मागची बाजू भरीव असते. जुने सुतार तासता तासता वाकस उलटा फिरवायचे आणि त्याच पाठीने खिळा, पाचर, खुंटी सगळं ठोकायचे. वेगळी हातोडी त्यांना लागतच नसे. मामा लहानपणी आप्पांच्या कामापाशी कधी बसले नव्हते. ते पुण्यात शिकले, तिथे पहिल्याच दिवशी हातात हातोडी दिली गेली, म्हणून सुतार म्हटला की हातोडी असणारच, असं ते धरून चालले होते. मीही तेच धरलं होतं.

"आगं, मंग आदी का न्हाई सांगितलं?" मामा म्हणाले.

"तुमी इचारलं का? तुमी म्हणलात, आप्पाची हातोडी कोणती. मी म्हणलं, मला काय ठाऊक. कदी बघितलीच न्हाई तर कुठून ठाऊक आसंल? वाकस कुठं हाय म्हणला आसतात तर सांगितलं आसतं."

"कुठं हाय वाकस?"

मामीने पदराने हात पुसले. "वाकस न्हाई राहिला. झिजून झिजून इतकुसा झाला हुता." तिने दोन बोटांत अंतर दाखवलं. "तुमी पुण्याला हुता. मी नव्यानं सोयाबीन काढायला जायले हुते. गावाबाहेर घिसाडी आले हुते, त्यांची बाई घण मारती ना, ते. आप्पा सोताच तो वाकस घिऊन गेले आन् त्याचा इळा करून आणला. दांडा घरी बसून त्यांनीच बसवला. मला म्हणले, पोरी, वाकसाचं पोलाद हाय, लवकर मरायचं न्हाई."

ती उठली आणि ओसरीच्या पत्र्याखाली खोचलेला विळा काढून आणला. पातं पातळ झालेलं, आतल्या बाजूने चांदीसारखं, त्यावर त्याच दिवशीच्या सोयाबीनचा हिरवट चीक. मामांनी तो हातात घेतला. धारेला नाही, पाठीला बोट लावून टोकापर्यंत नेलं. मग दांडा बघितला. बाभळीचा, मध्ये किंचित बारीक, मुठीकडे भरीव.

"मला कुणी सांगितलं न्हाई," ते म्हणाले.

"इळ्याचं काय सांगायचं फोनवर?"

मामी खरंच बुचकळ्यात पडली होती. तिच्या लेखी तो विळा होता. मामा विळा मांडीवर ठेवून बसले, आणि चहा तसाच गार झाला. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण उठले तर लक्षात येईल म्हणून बसून राहिले.

"नवमीला हा पाटावर ठेवायचा," शेवटी मामा म्हणाले.

"दिवसभर? आन् सोयाबीन काय हातानं उपटू? आभाळ बघा कसं झालंय. शेंगा फुटायल्यात."

"एक दिवस."

"एक दिवस म्हणता, आन् तुमची पूजा सेलूत. जायचं, यायचं, दोन दिवस मोडतेत."

खंडेनवमीला सेलूच्या गाळ्यात पाट मांडला. कटर, ड्रिल, रंधा, करवत, मामांची नवी हातोडी, आणि मधोमध धुतलेला विळा. डब्यातल्या हातोड्या मामांनी आधीच खिडकीच्या फळीवर ओळीने ठेवल्या होत्या. ज्याची त्याने ओळखून न्यावी, असं त्यांचं म्हणणं. अजून कुणी नेलेली नाही, पण येणारा प्रत्येक जण एखादी उचलून बघतोच.

शेजारच्या गाळ्यातले पंक्चरवाले चाचा प्रसादाला आले. पाट बघून म्हणाले, "क्या मिस्त्री, फर्निचरच्या दुकानात इळा? धंदा बदलायला का?"

"घरचा हाय," मामा म्हणाले.

"कुणाचा?"

मामा थांबले. मी त्यांच्याकडे बघत होते, कारण मलाही ऐकायचं होतं. त्यांनी हळदकुंकवाचं ताट उचललं आणि मामीकडे दिलं. "हिचा हाय. हीच पूजा करील."

मामी लाजली. यंत्रांना मामांनी हळदकुंकू लावलं, विळ्याला तिने. आई माझ्या शेजारी उभी होती. ती हसली नाही, काही ऐकवलंही नाही. पुढे होऊन विळ्यावर एक झेंडूचं फूल ठेवलं, आणि भावाच्या खांद्याला हात लावून मागे आली.

संध्याकाळी मामा बाजारात जाऊन एक नवा विळा घेऊन आले. कागदात गुंडाळलेला. तो मामीपुढे धरून म्हणाले, "हा घिऊन जा. तो हितं भिंतीला लावतो."

मामीने नवा विळा हातात घेतला, तोलून बघितला, धारेवर अंगठा आडवा फिरवला आणि परत दिला.

"ह्यानं माझं मनगट दुखंल. मला त्याची सवय हाय."

"आगं, आप्पाचा हाय तो."

"म्हणून तर. भिंतीला लावायला दिला न्हवता त्यांनी."

मामा नवा विळा घेऊन तसेच उभे राहिले. मग पाटापाशी गेले. नवमीचा दिवस मावळला होता. त्यांनी झेंडू बाजूला केला, विळा उचलला आणि एका जुन्या फडक्यात गुंडाळायला लागले. सावकाश, कोपरे दुमडून.

वालूरच्या गाडीला आम्ही सगळे मामीला सोडायला गेलो. दसऱ्याला घरी दिवा लावायचा होता आणि परवा पहाटे शेतात जायचं होतं, म्हणून ती थांबली नाही. गाडीत चढताना मामांनी फडक्याची गुंडाळी तिच्या हातात दिली.

"म्होरच्या नवमीला घिऊन ये," ते म्हणाले.

"तवर आणखी झिजंल की ओ."

"झिजू दे."

ती खिडकीजवळ बसली. गुंडाळी आधी पिशवीत ठेवली, मग शेजारच्या बाईचं लेकरू पिशवीशी खेळायला लागलं तशी परत काढली आणि धार आपल्याकडे येईल अशी मांडीवर धरली.